गुरुजी विचारायचे

गलांडे गुरुजी गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं, तेही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. लष्करी गणवेशातला त्यांचा जुना फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली जोडलेल्या हातांची लांबलचक रांग. हात जोडणाऱ्यांतले बहुतेक जण गुरुजी जिन्यात दिसले की मोबाईल कानाला लावून भराभर वर निघून जायचे. पहिले तीन-चार महिने मीही तेच करत होतो.

मी मोजणी खात्यात भूकरमापक आहे. लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि हद्दीच्या खुणा दाखवून द्यायच्या, हे माझं काम. बायको सुनीता सांगलीला हायस्कूलमध्ये शिकवते, मुलगी तिथंच कॉलेजात आहे. माझी बदली कराडला झाली म्हणून शेजारच्या मलकापुरात दोन खोल्या घेऊन मी एकटा राहत होतो. शनिवारी सांगलीला जायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं, असं आमचं ठरलं होतं. वर्षभर तसं झालंही. मग शनिवार चुकायला लागले. भांडण म्हणाल तर काही नव्हतं. फोन रोज दुपारी व्हायचा. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "हो." एवढं झालं की दोघांनाही सुटल्यासारखं वाटायचं.

अशात समोरच्या फ्लॅटमध्ये गुरुजी राहायला आले. उंच, वाळलेले, पाठ अजून ताठ. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात धोतर-सदरा आणि पायात मात्र चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट. माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातला हा मुलगा सातारच्या बोर्डिंगात राहून संस्कृत शिकला, शास्त्री झाला आणि फौजेत धर्मगुरू म्हणून भरती झाला. पलटणीतल्या मंदिराची पूजा, सणवार, जवानांना चार शब्द सांगणं असं ते काम. तिकडे त्यांना पंडितजी म्हणायचे. आमच्याकडे ते गुरुजी झाले. सोसायटीत कुणी सत्यनारायण घालायला बोलावलं तर ते हात जोडून सांगायचे, "पूजा दुसऱ्या कुणाकडनं करून घ्या. मी गप्पा मारायला येतो."

आणि त्यांच्या गप्पांनाच लोक भ्यायचे.

पहिल्याच दिवशी मी दाराचं कुलूप काढत होतो. मागून आवाज आला, "भाऊसाहेब, ऑफिसातनं घरी आल्यावर तुम्ही पहिला शब्द कुणाशी बोलता?"

"म्हणजे?"

त्यांनी तोच प्रश्न, तेच शब्द पुन्हा म्हटले आणि आपल्या बुटांकडे बघत उभे राहिले. मी 'जरा काम आहे' असं पुटपुटून दार लावून घेतलं. चहा केला, भात लावला, मोबाईल बघत जेवलो, झोपलो. सकाळी बेल वाजली तेव्हा दूधवाल्याला म्हणालो, "अर्धा लिटर." माझा आवाज घोगरा निघाला. काल दार लावून घेतल्यापासून तोंडातून निघालेला तो पहिला शब्द होता. त्या म्हाताऱ्याचा मला इतका राग आला की आठवडाभर मी जिन्यात कानोसा घेऊन बाहेर पडत होतो.

'काय, बरं आहे का?' हे वाक्य गुरुजींच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. ते थेट मुद्द्याचं विचारायचे. इस्त्रीवाल्या शांताबाईंना, "सकाळी उठल्यावर आज कुणाचा चेहरा आठवला?" वॉचमनला, "तुझ्या गावातलं कुठलं झाड तुला ओळखतं?" प्रश्न विचारला की बुटांकडे बघायचं आणि थांबायचं. त्यांच्यासारखं गप्प बसणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. आपण गप्प बसतो तेव्हा आपल्याला पुढचं बोलायचं असतं. गुरुजींना काही बोलायचं नसायचं. समोरच्याला हवा तेवढा वेळ असायचा. शांताबाई इस्त्री फिरवता फिरवता सगळं सांगायच्या, हसायच्या, डोळे पुसायच्या. फ्लॅटवाल्यांचं मात्र तसं नव्हतं.

एकदा त्यांचं चुकलंही. तिसऱ्या मजल्यावर देशमाने काकू एकट्या राहायच्या. मुलगा ऑस्ट्रेलियात. गुरुजींनी त्यांना विचारलं, "मुलाचा फोन येतो तेव्हा त्याला काय सांगायचं तुम्ही टाळता?" काकू तिथंच जिन्यात बसून रडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा जावई आला आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुम्ही कोण हो विचारणारे? माणसं बरी आहेत ती बघवत नाही तुम्हाला?"

गुरुजी हात जोडून उभे होते. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांच्या दाराशी बूट नेहमीसारखे जोडीने नव्हते, एक इकडे आणि एक तिकडे पडला होता. का कोण जाणे, मला ते बघवलं नाही. मी बेल वाजवून म्हणालो, "चहा ठेवतोय, या."

ते आले. बराच वेळ कप हातात धरून बसले. मग म्हणाले, "प्रश्न वावगा नव्हता, भाऊसाहेब. पण त्या बाईला मी किती ओळखतो? दोनदा नमस्कार केला होता फक्त. आधी चार दिवस त्यांची भाजीची पिशवी वर न्यायची, मग विचारायचं. पलटणीत हे मला कळायचं. इथं घाई होते."

"पण विचारायलाच कशाला हवं?" मी म्हणालो. "लोकांना नको असतं."

त्यावर त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय.

उंचावरच्या एका चौकीवर त्यांची पलटण होती. रविवारी मंदिरात सगळे जमायचे. जतकडचा एक मुलगा होता, कानडी वळणाचं मराठी बोलायचा. लग्न ठरलेलं होतं. आरती झाल्यावर प्रसाद देताना गुरुजी प्रत्येकाला विचारायचे, "सब ठीक?" तो म्हणाला, "ठीक है, पंडितजी." गुरुजी पुढच्याकडे वळले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने स्वतःचा जीव संपवला.

"माझ्या हातातनं प्रसाद घेऊन गेला हो," गुरुजी म्हणाले. "आणि मी त्याला काय विचारलं? ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं तेच. त्याच्या बापाला सांगायला मी जतला गेलो. बाप म्हणाला, 'महाराज, माझं पोरगं तुमच्याजवळ काय बोललं शेवटी?' मी काय सांगणार? ठीक है म्हणाला, असं सांगू?"

तिथून पुढे त्यांनी तसलं विचारणं सोडलं. मुसलमान असो, शीख असो, जवानाजवळ बर्फात तासन् तास बसायचे. "देवाला पुष्कळ विचारून बघितलं," ते म्हणाले. "तो काही बोलत नाही. पण माणसाला खरं काहीतरी विचारावं आणि आपण गप्प बसावं. मग तो जे बोलतो ना, त्यात कधी कधी वाटतं, हा देवच बोलला. नेहमी नाही. कधी कधी."

मग संध्याकाळचा चहा आमचा ठरूनच गेला. एकदा मी त्यांना मोजणीलाही घेऊन गेलो. कराडच्या खालच्या अंगाला दोघा भावांची उसाची जमीन होती आणि मधल्या बांधावरून अकरा वर्षं अबोला होता. आम्ही मशीन लावलं, खुणा टाकायला सुरुवात केली. थोरला एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला, दोघांच्याही कपाळावर आठ्या. उन्हात उभं राहून दमल्यावर थोरला गुरुजींच्या शेजारी येऊन बसला. गुरुजींनी त्याला बांधाबद्दल काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "पाटील, धाकटा लहानपणी कशाला भ्यायचा?"

थोरला सवयीने बोलून गेला, "वावटळीला. लय भ्यायचा. वावटळ उठली की माझ्या सदऱ्यात तोंड घालायचा." आणि एकदम थांबला.

धाकट्याला ते ऐकू गेलं होतं. तो मान फिरवून उसाकडे बघत राहिला.

तुम्हाला वाटेल, दोघांनी मिठी मारली. तसं काही झालं नाही. मोजणी पुरी झाली, दगड रोवले, दोघांनी वेगवेगळ्या सह्या केल्या. थोरला मोटरसायकलला किक मारत होता तेव्हा धाकटा मागून म्हणाला, "दादा, टोपी राहिली बघ," आणि बांधावरची टोपी आणून त्याच्या हातात दिली. थोरल्याने ती घेतली आणि घातली. अकरा वर्षांतलं ते पहिलं बोलणं. परत येताना गुरुजी गाडीत गुणगुणत होते.

त्याच वाटेवर त्यांनी मला विचारलं, "वहिनी शाळेतनं घरी आल्यावर आधी पाणी घेतात की चहा?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. वीस वर्षं झाली होती लग्नाला. पुढच्या शनिवारी सांगलीला गेलो तेव्हा मुद्दाम लक्ष ठेवलं. सुनीता आली, आणि पाणीही नाही, चहाही नाही. चपला न काढता पाच मिनिटं तशीच खुर्चीत बसून राहिली, पर्स मांडीवर घेऊन. मी आतल्या खोलीच्या दारातून बघत होतो. तिला काही विचारावं असं फार वाटलं. पण काय विचारायचं, तेच सुचेना. ती उठून आत गेली.

गुरुजींच्या स्वतःच्या घराचं मात्र मी कधी विचारलं नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की बायको पारूबाई दहिवडीच्या पुढे वस्तीवर राहतात, धाकटा मुलगा मुंबईला असतो, आणि गुरुजी दर शनिवारी एसटीने तिकडे जाऊन रविवारी परत येतात. मलकापूरचा फ्लॅट दोघांसाठीच घेतला होता. पारूबाई चार दिवस राहिल्या आणि निघून गेल्या. जाताना म्हणाल्या होत्या म्हणे, "हितं बोलाय कुनी न्हाई, आन् तुमी लय बोलताय."

"मग तुम्ही तिकडे का राहत नाही?" मी विचारलं.

"तिचं घर आहे ते, भाऊसाहेब. तीस वर्षं तिनं एकटीनं चालवलं. सासूसासरे, मेंढरं, दुष्काळ, पोरं. मी वर्षातनं दोन महिने यायचो, प्रवचनं झोडायचो, जायचो. आता जाऊन बसलो की पाहुण्यासारखं वाटतं. मी तिला विचारतो खूप. ती उत्तर देत नाही. राग आहे तिचा. असणारच. उतरेल कधीतरी."

एका शनिवारी गुडघ्यांमुळे त्यांना एसटीत चढवेना. मी सांगलीला जाणार नव्हतो. रविवारी त्यांना गाडीतून घेऊन गेलो.

वस्तीवर दगडी घर, पत्रे, पुढे लिंबाखाली बांधलेली शेरडं. पारूबाई ठेंगण्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. मला बघून म्हणाल्या, "या, बसा. भाकरी टाकते." बाहेरच्याच चुलीवर आमच्याकडे पाठ करून त्या भाकरी थापायला बसल्या. गुरुजी उजवीकडच्या कट्ट्यावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी हळू, मऊ आवाजात विचारलं, "पारू, ह्या आठवड्यात मनात काय घोळत हुतं तुझ्या?"

उत्तर नाही. गुरुजी बुटांकडे बघू लागले. त्यांच्या त्या सगळ्या सबुरीने थांबले. मला तिथं बसायची लाज वाटायला लागली. दोघांच्या मधलं काहीतरी उघडं पडलं होतं आणि मी ते बघत होतो.

तेवढ्यात एका शेरडाने ओट्यावरचा रिकामा हंडा पाडला. फरशीवर असा आवाज झाला की कोंबड्या उडाल्या, मी दचकून उठलो, गुरुजींचाही हात छातीवर गेला. पारूबाईंचे हात भाकरीवर तसेच चालू होते. मान हलली नाही की खांदा हलला नाही.

जेवून आम्ही निघालो. वडूजच्या अलीकडे आल्यावर म्हणालो, "गुरुजी, वहिनींना ऐकू येत नाही का हो?"

"येतं की. बोलत नाही ती."

मी हंड्याचं सांगितलं.

ते खिडकीबाहेर बघू लागले. दोन्ही बाजूंना कोरडी रानं होती, बाजरी काढून झालेली. चांगला मैलभर रस्ता तसाच गेला. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "गाडी वळवा."

परत पोचलो तेव्हा पारूबाई शेळीची धार काढत होत्या. गुरुजी त्यांच्या पुढ्यात गेले आणि दुखऱ्या गुडघ्यांवर उकिडवे बसले. तोंडासमोर तोंड आणून मोठ्याने म्हणाले, "पारू, तुला ऐकू येत न्हाई?"

पारूबाईंनी धार थांबवली. एकदा माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "डाव्या कानानं निम्मं येतंय. उजवा गेला."

"कवा?"

"धाकला मुंबईला गेला तवापास्नं कमी कमी हुत गेलं."

"आगं, मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलं का?" बाई अगदी सरळ आवाजात म्हणाल्या. "मनात काय हाय, देवाला काय सांगतीस, आसलं लय इचारलं. निम्मं कळायचं. कान कसा हाय म्हून न्हाई इचारलं कवा."

गुरुजींनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

"आन् ऐकू आलं आसतं तरी बोलले आसते, आसं समजू नका," पारूबाई म्हणाल्या. "लय वर्सं झाली आवं. बोलायचं काय हुतं ते बी आता ध्यानात न्हाई." आणि पुन्हा धार काढायला लागल्या.

गुरुजी तिथंच खाली मातीत बसले. पांढरं धोतर, काळे बूट, सगळं शेणामातीत. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे करून शेळीचं दावं धरलं. बाईंनी त्यांना धरू दिलं. मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही निघा. अंधारायच्या आत पोचाल."

मलकापूरला आलो तर समोरच्या दाराला कुलूप. मी सुनीताला फोन लावला. सगळं सांगावं, आणि त्याआधी काहीतरी विचारावं, असं ठरवून लावला होता. "ऐक ना," मी म्हणालो. ती म्हणाली, "पेपर तपासतेय. तातडीचं आहे का?" मी म्हणालो, "नाही. जेवलीस का, विचारायला केला." "जेवले," ती म्हणाली.

गुरुजी सामान न्यायला एकदा येऊन गेले, टेम्पो घेऊन. घाईत होते, तरी माझ्याकडे चहाला आले. कराडच्या डॉक्टरांकडून पारूबाईंना कानाचं मशीन घेऊन दिलं होतं. "घालतात का?" मी विचारलं. ते हसले. "दोन दिवस घातलं. म्हणाली, समद्यांचंच ऐकू येतंय, नको. डब्यात ठेवून दिलंय." मग म्हणाले, "बोलते थोडं. शेरडांबद्दल बोलते. मी विचारत नाही फार. लाकडं फोडतो, पाणी आणतो. तिच्या डोळ्यांसमोर राहतो. बघू."

जाताना शांताबाईंच्या टपरीशी थांबून त्यांच्याशी बराच वेळ बोलले. देशमाने काकूंच्या दाराशीही गेले होते, असं नंतर कळलं. दार उघडलं नाही.

त्यानंतर संध्याकाळी ऑफिसातून येताना माझा हात कुलपावर जरा थांबायचा. मागून कुणी काही विचारत नव्हतं. समोरच्या फ्लॅटमध्ये नवं जोडपं आलं. भली माणसं. भेटलो की म्हणायची, "काय काका, बरं आहे ना?" मी म्हणायचो, "एकदम."

गुरुजींना मी शेवटचं पाहिलं ते दहिवडीच्या बाजारात. कामासाठी तिकडे गेलो होतो, दुपारची वेळ, बाजाराचा दिवस. जनावरांच्या बाजूला पारूबाई एका बाईशी मोठमोठ्याने बोलत होत्या, स्वतःला ऐकू यावं म्हणून माणसं बोलतात तसं. दोन पावलं मागे गुरुजी, एका काळ्या शेरडाची दोरी धरून. आणखी वाळले होते. पायात बूट नव्हते, साध्या चपला होत्या. त्यांच्याभोवती माणसं ये-जा करत होती आणि ते कुणालाच काही विचारत नव्हते. शेरडाच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते.

पंधरा पावलांचं अंतर होतं. हाक मारली असती तर त्यांनी वळून बघितलं असतं, जवळ आले असते आणि काहीतरी विचारलं असतं. सुनीताचं विचारलं असतं. दीड महिना मी सांगलीला गेलो नव्हतो. मी एका भांड्यांच्या दुकानाच्या आडोशाला झालो आणि मोबाईल कानाला लावला. पलीकडे कुणीही नव्हतं.

पारूबाईंचं बोलणं संपलं. त्यांनी मागे बघितलं, नवरा आहे ना, ते पाहिलं. पदराखालून कागदाची पुडी काढून त्यांच्या हातावर शेंगदाणे ओतले, शेरडाची दोरी आपल्याकडे घेतली आणि चालू लागल्या. गुरुजी शेंगदाणे खात त्यांच्या मागून निघाले. गर्दीत पांढरी टोपी थोडा वेळ दिसत राहिली. एका टेम्पोने वाट अडवली, आणि तो हलला तेव्हा तिथं दुसरीच माणसं होती.